वरून आणखी एक थर

थोरल्या जावेच्या मुलाच्या लग्नाचा अल्बम घरात कुणी उघडला की मी उठून आत जाते. त्या अल्बमच्या मधोमध दोन पानांवर पसरलेला सगळ्या कुटुंबाचा फोटो आहे. दीर, जाऊ, नवरा-नवरी, नणंदा, त्यांची पोरं, झालंच तर शेजारचा एक माणूस, जो फक्त जेवायला आला होता. आणि अगदी उजव्या कडेला हिरव्या बांगड्या भरलेलं एक कोपर आहे. ते कोपर माझं. बाकीची मी कापली गेले.

जाऊ म्हणते, फोटोवाल्याचं चुकलं. पण मी तिथेच उभी होते. माझ्या कानांनी ऐकलं, ती फोटोवाल्याला सांगत होती, "तिले जरा कडेले घ्या. उन्हातून आली, काळी दिसन."

उन्हातून आले होते हे खरं. पण कशासाठी? तिच्याच पंगतीची भाजी गाडीतून उतरवून, मोजून, सडकी बाजूला काढून मी आले होते. बाजारभावापेक्षा कमीत ताजी वांगी आणून देणारं त्या घरात दुसरं कोण होतं? वांगी छान झाली असं पाहुणे म्हणाले. पंगतीच्या फोटोत ती वांगी स्पष्ट दिसतात. एकेक देठ मोजून घ्या.

म्हणून माझ्या पोराचं लग्न ठरलं तेव्हा मी मनाशी एकच गोष्ट पक्की केली. मांडव कसाही असो, जेवण कसंही होवो, सूनमुखाच्या फोटोत माझं तोंड नीट आलं पाहिजे. सूनमुख म्हणजे लग्न लागल्यावर नवरदेवाची आई, म्हणजे वरमाय, नवरीला शेजारी घेऊन बसते. समोर आरसा धरतात आणि सासू त्या आरशात सुनेचं तोंड पहिल्यांदा पाहते, तिच्या तोंडात साखर घालते, दागिना देते. आरशात दोनच तोंडं असतात, सासूचं आणि सुनेचं. तिथे कड नसते. तिथून मला कुणी कापू शकत नव्हतं. फक्त ते तोंड पाहण्यासारखं हवं होतं, आणि जाऊ शेजारी उभी असताना तिला बोलायला जागा राहायला नको होती.

आता माझ्या तोंडाविषयी सांगते. मी भाजी पिकवते, घेते आणि विकते. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या वाट्याला विहिरीपासून लांबचा तुकडा आला होता. त्यात वांगी लावली आणि डोक्यावर पाटी घेऊन अमडापूरच्या बाजारात बसायला सुरुवात केली. आज माझी स्वतःची गाडी आहे. गाडी आमचे हे चालवतात, भाव मी करते. मेहकरच्या बाजारात मी उतरले की दोन-तीन व्यापारी चहाला निघून जातात, असं लोक म्हणतात. मी ते खोटं आहे असं कधी म्हटलं नाही. या सगळ्या वर्षांत ऊन माझ्या तोंडावर बसत गेलं. कपाळाचा वरचा पट्टा रुमालाखाली राहतो, तो उजळ. खाली सगळं काळवंडलेलं. ते मला कधी लागलं नव्हतं. लग्नाच्या आठवड्यात मात्र वेगळंच झालं.

त्या वर्षी मक्त्याने घेतलेल्या रानात टरबूज होतं. टरबूज काही लग्नाचा मुहूर्त पाहून पिकत नाही. हळदीच्या दोन दिवस आधी तोडणी आली. बाहेरचा व्यापारी ट्रक घेऊन आला. भाव आधीच ठरलेला होता, फोनवर, आमच्या ह्यांच्यासमोर. ढीग लागल्यावर तो गडी एक टरबूज उचलून म्हणाला, "ताई, माल बारका हाय. या भावात परवडत नाही."

बोलताना तो माझ्याकडे पाहतही नव्हता. घरात लग्न आहे, बाई घाईत आहे, देऊन टाकेल, हे त्याला कुणीतरी सांगितलं असणार. माझं डोकं फिरलं. मी डोक्याचा रुमाल सोडला, टरबुजांच्या ढिगावर अंथरला आणि त्यावर बसले.

"हे पाय भाऊ," मी म्हटलं, "ठरल्या भावानं भरत असशील तर भर. नाही तर तुहा ट्रक रिकामा ने. मी इथून हालत नाही."

आमचे हे म्हणाले, "अवं, ऊन पाय. रुमाल तरी डोक्याले बांध."

"रुमालावर मी बसून राह्यली, दिसत नाही का तुमाले?"

तो व्यापारी ट्रकच्या सावलीत बसला, मी उन्हात. तो मधून मधून घोटभर पाणी प्यायचा आणि माझ्याकडे पाहायचा. मला वाटतं, मी उन्हाने खाली येईन याची तो वाट पाहत होता. ऊन खाली आलं, मी नाही. दिवस कलल्यावर त्याचा ड्रायव्हरच कंटाळला आणि म्हणाला, "भरून घ्या ना शेठ, ही बाई लगन इथंच लावन." ट्रक ठरल्या भावात भरला. मी जिंकले आणि घरी आले.

सकाळी आरशात पाहिलं तर नाक लाल, गाल लाल, हनुवटी लाल, आणि वर रुमालाच्या सवयीचा तो उजळ पट्टाही आता गुलाबी. संध्याकाळपर्यंत नाकाची साल सुटायला लागली. दही लावलं, काकडी लावली, कोरफडीचा गर लावला. दही लावलेलं पाहून मांजर दोनदा मांडीवर येऊन बसलं. नणंदा पाहुण्या म्हणून आल्या होत्या, त्या तोंड फिरवून हसत होत्या. जाऊ मात्र समोर येऊन उभी राहिली, हनुवटीला बोट लावलं आणि म्हणाली, "अवं माय! हे त भरताचं वांगं झालं. वरमाय हायस ना तू?"

"लगनाच्या दिवशी पाहा, बाई," मी म्हटलं.

हळदीच्या दिवशी नवरदेवाची हळद उतरली की बायका वरमायलाही लावतात. मी आधीच सगळ्यांना बजावलं होतं की माझ्या तोंडाला हात लावायचा नाही. पण हळदीत कोण कुणाचं ऐकतं? जावेने दोन्ही तळवे भरून माझ्या गालांवर चोळले. मी अशी ओरडले की बँडवाल्याचा ताल चुकला. लोकांना वाटलं, वरमाय आनंदाने किंचाळली.

लग्नाच्या सकाळी मी मेहकरच्या पार्लरात गेले. पार्लरवाली तरुण, बोलायला तिखट, माझ्यासारखीच हात हलवत बोलणारी. मला पाहताच म्हणाली, "मावशी, हे काय करून आल्या?"

"टरबूज विकून आली."

"याच्यावर आज काही लावूच नका. पातळ क्रीम लावून देतो, बस."

"पातळ क्रीम लावाले मी मेहकरले आली का? पुरं कर. फाउंडेशन, पावडर, सगळं."

मग भाव सुरू झाला. मी म्हटलं, कपाळ नुसतं गुलाबी आहे, खालचं अर्धंच तोंड भाजलं आहे, तर अर्ध्या तोंडाचे घे. ती म्हणाली, तोंड काय पपई आहे का, अर्धं कापून विकायला? मी म्हटलं, मग भाजलेल्याचं जास्त का सांगतेस, माल तर माझा आहे. ती इतकी हसली की तिचा ब्रश खाली पडला. हसणारा माणूस भावात खाली येतो. ती आली.

तिने एक थर दिला. हात हलका होता तिचा, ते मान्य आहे. लाली झाकली गेली, नाक दबलं, मी आरशात पाहिलं आणि मला बरं वाटलं. तिथेच उठायला हवं होतं. पण आमच्या बाजारात तोलून झालं म्हणजे व्यवहार संपत नाही. काटा बरोबर झाला की गिऱ्हाईक हात पुढे करतं आणि म्हणतं, वरून टाका. मग चार मिरच्या, कोथिंबिरीची काडी, एखादं लिंबू पिशवीत पडतं, तेव्हाच बाई उठते. मी विकायला बसते तेव्हा या वरून मागणाऱ्यांवर माझा जीव जळतो. पण घेताना मी स्वतः वरून घेतल्याशिवाय आजवर कुठूनच उठलेले नाही, कापडाच्या दुकानातूनसुद्धा नाही.

"आता वरून दे," मी म्हटलं.

"काय वरून?"

"आणखी एक थर."

"मावशी, तोंडाले वरून नसते."

"सगळ्याले असते. मी दोन जुड्या मेथी विकली तरी देतो. तू एवढे घेतले अन् कोरडं उठवून राह्यली?"

"फाटन ते. साल सुटून राह्यली तुमची."

"फाटलं त फाटलं. दे."

ती वैतागली. डबी उघडली आणि दिला एक थर. मी नाकाकडे बोट दाखवलं, तर तिथे तिने आणखी थोडा दिला, रागाने. मी समाधानाने उठले. एखाद्या भिंतीला चुना दिल्यावर ती जशी दिसते तशी मी दिसत असेन, पण चुन्याची भिंत लांबून चांगलीच दिसते.

कार्यालयात पोहोचले तेव्हा जावेने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काही बोलली नाही. ती काही बोलली नाही, यातच माझे पैसे वसूल झाले. मी दारात उभी राहून पाहुण्यांना या या म्हणत होते. माझी विहीण, म्हणजे नवरीची आई, लोणारच्या पुढच्या एका खेड्यातली. तिने माझे पाय धुतले, तेव्हा मान वर करून माझ्याकडे पाहत ती म्हणाली, "विहीणबाई, लय गोऱ्या दिसून राह्यल्या." मी मान डोलावली. मान फार डोलावता येत नव्हती.

नवरीला मी तोवर नीट पाहिलंही नव्हतं. पसंतीच्या वेळी पाहिलं होतं, पण तेव्हा घरात अंधार होता आणि मी हुंडा-मानपानाच्या बोलाचालीत गुंतले होते. हुंडा आम्ही घेतला नाही, पण आलेल्या लोकांचा चहा गोड होता की फिका, यावरून भांडण करायला आमच्या भाऊबंदांना वेळ लागत नाही. पोरगी पोलीस भरतीची तयारी करते, पहाटे मैदानावर धावते, एवढं ठाऊक होतं.

लग्न दुपारचं. मंगलाष्टकं संपेपर्यंत कार्यालयाच्या पत्र्याखाली आत बसलेलाही भाजून निघाला. कूलर होता, तो गरम वारा फेकत होता, तोही नेमका स्टेजवर. माझं तोंड आवळायला लागलं, वाळत घातलेल्या पापडासारखं. अक्षता टाकताना मी सहज हसले आणि ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी तडकलं. मी हसणं बंद केलं. मग वाटलं, लोक म्हणतील वरमाय नाराज आहे, म्हणून थोडं हसले. गालात तडकलं.

जाऊ जवळ आली. डोळे बारीक करून पाहिलं. "अवं, तुहं तोंड उलून राह्यलं. काळ्या मातीच्या वावरावानी."

"चूप राहा, बाई. हळू बोला."

"थांब, मी नीट करतो." तिने पर्समधून स्वतःची पावडर काढली आणि माझ्या तोंडावर थापायला लागली. तिची पावडर तिच्या रंगाची. भेगांत ती भरत गेली. पार्लरवालीचे दोन थर झाले होते, हा तिसरा, तोही जावेच्या हातचा. भांडायला वेळ नव्हता. मागून बायका ओरडत होत्या, "वरमाय कुठी हाय? सूनमुखाले या!"

मी बसले. इतकी वर्षं मी कुठल्याही व्यापाऱ्यासमोर घाबरले नाही, त्या आरशासमोर घाबरले. समोर नणंदेने आरसा धरला. फोटोवाला खाली गुडघे टेकून बसला. शेजारी नवरी येऊन बसली, मान खाली. जाऊ पाठीमागे उभी राहून वाकली. मी आरशात पाहिलं.

आधी माझंच तोंड दिसलं. नाकावरून एक पापुद्रा उठून कांद्याच्या सालीसारखा लोंबत होता. गालावर भेगा, भेगांत जावेची पांढरी पावडर. मला वाटलं, आता नवरी मान वर करणार, आणि माझ्या घरात आल्यावर तिला जन्मभर हेच तोंड आठवणार. हा फोटो जावेच्या घरी दिवाणखान्यात लागणार.

नवरीने मान वर केली.

तिच्या कपाळावर आडवी रेघ होती, धावताना घालायच्या टोपीची. रेघेच्या वर उजळ, खाली काळपट, आणि त्यावर थापलेला मेकअप घामाने दोन रंगांत फुटला होता. नाकाच्या शेंड्यावरून तिचाही पापुद्रा सुटला होता. माझ्यासारखाच, फक्त छोटा.

आम्ही दोघी आरशातून एकमेकींकडे पाहत राहिलो. मग ती ओठ न हलवता, हळूच म्हणाली, "आई, तुमी बी वरून घेतलं का?"

मीही ओठ न हलवता म्हटलं, "हाव. तू?"

"मायच्यानं. मायनं त्या बाईले म्हटलं, एवढे पैसे घेते अन् एकच थर? वरून दे."

मी विहिणीकडे पाहिलं. ती समोर उभी राहून पदराने डोळे पुसत होती, सोहळा पाहून. मला हसू आवरेना. मी ते दाबायला गेले, तर सगळं तोंड एकदम तडकलं, आणि नाकावरचा तो पापुद्रा सुटून साखरेच्या वाटीत पडला. नवरीने तो पाहिला. ती फिसकन हसली, मग मी, मग आमच्या दोघींच्या तोंडाचं काय काय गळत गेलं ते आम्ही मोजलं नाही. नणंदेच्या हातातला आरसा हलायला लागला, कारण तीही हसत होती.

"अवं, सूनमुख हाय का तमाशा?" पाठीमागून जाऊ म्हणाली. "काऊन हसून राह्यल्या दोघी?"

फोटोवाला तेवढ्यात बटण दाबत सुटला. मी दुसऱ्या वाटीतून साखर घेऊन सुनेच्या तोंडात घातली. दागिना तिच्या गळ्यात घालताना ती पुन्हा हसायला लागली आणि आकडा लागेना.

विहिणींची पंगत बसायच्या आधी मी तिला हाताला धरून कार्यालयाच्या मागे नळावर नेलं. आचाऱ्याकडून खोबरेल तेल मागून घेतलं. तेल लावून, पाणी मारून, आम्ही दोघींनी तोंडं धुतली. पाणी लागताच दोघी "हाय हाय" करत होतो आणि दोघींना गार वाटत होतं. आचारी पाहत होता. त्याला वाटलं असेल, नवरी रडून आली. बाहेर आलो तेव्हा दोघींची तोंडं तेलकट, लाल आणि चकचकीत होती. विहिणीने कपाळाला हात लावला. "पोरी, सगळं धुतलं? एवढे पैसे गेले ना!"

"गेले नाई माय, नळात हायेत, काढून आण," पोरगी म्हणाली.

तेव्हाच मला कळलं की या पोरीशी माझं जमेल, किंवा रोज भांडण होईल. बहुधा दोन्ही.

लग्न उरकल्यावर पहिल्या बाजाराच्या दिवशी मी पार्लरात गेले. भांडायचं ठरवूनच गेले होते. म्हटलं, तुझा दुसरा थर दुपारपर्यंतही टिकला नाही. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, पैशाचा पहिला थर टिकला का?"

"तो टिकला."

"मंग? वरून दिलेलं मी परत घेत नाही."

असं उत्तर माझ्या बाजारात मी स्वतः दिलं असतं. मला राग आला, आणि तिला मी एक टरबूज देऊन आले. का दिलं, मला माहीत नाही. शिल्लक होतं म्हणून असेल.

मग एके दिवशी फोटोवाला लॅपटॉप घेऊन घरी आला, अल्बमचे फोटो निवडायला. जाऊही येऊन बसली. तिला बोलावलं नव्हतं. सगळ्यांची तोंडं त्याने गोरी करून ठेवली होती. दीर गोरे, आमचे हे गोरे, शेजारीपाजारी गोरे, बँडवालासुद्धा. जाऊ तर इतकी गोरी की तिचं नाक शोधावं लागत होतं. मग सूनमुखाचा फोटो आला. आरशात आम्ही दोघी तोंड फाडून हसत होतो, साली निघालेल्या, रेघा उमटलेल्या.

फोटोवाला घाईने म्हणाला, "काकू, हा राह्यला करायचा. हे दोन चेहरे उद्या गोरे करून देतो. पापुद्रे बी काढतो."

"काहाले?" मी म्हटलं.

जाऊ म्हणाली, "अवं, करू दे ना. दोघी बी काळ्याच दिसून राह्यल्या."

"हाव बाई," मी म्हटलं, "पण दिसून राह्यलो."

माझी तक्रार काही संपलेली नाही, हे जावेलाही ठाऊक आहे. तिचा तो जुना अल्बम उघडला तर मी आजही उठून जाईन. पण माझा उघडला की मी मांडी घालून बसते.

मी फोटोवाल्याशी भाव करायला तोंड उघडणार, तेवढ्यात सून दारातून आत आली. धावून आली होती, टोपी हातात. तिने फोटो पाहिला, सगळं ऐकून घेतलं आणि फोटोवाल्याच्या समोर बसली.

"दादा, बाकी सगळे गोरे केले तुमी?"

"हो वहिनी."

"अन् आमचे दोन नाही करायचे. म्हंजे दोन तोंडांचं काम वाचलं तुमचं. मंग कमी करा."

"वहिनी, काम त सगळ्याचं सारखंच असते."

"सारखं कसं? आई अन् मी जिथी जिथी आहो, तितकी तोंडं मोजा. पाह्यलं का, किती पानांवर आहो?"

त्याने लॅपटॉपवर बोट फिरवलं, डोकं खाजवलं, माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले. शेवटी तो म्हणाला, "बरं, करतो कमी."

सून लगेच मान्य करून उठली. मी असते तर इतक्यात उठले नसते. त्याचं डोकं खाजवणं पाहूनच मला कळलं होतं की तो अजून बराच खाली आला असता. पण पोरगी नवी आहे, आणि उन्हातून धावून आली आहे, म्हणून मी सोडून दिलं. आत जाऊन चहा टाकला, फोटोवाल्यालाही दिला, आणि जावेच्या कपात साखर थोडी जास्त घातली.